संकल्प आणि बेत : पदयात्रेच्या वाङ्मयाविषयी एक विचार

मराठीतील प्रवासवर्णनपर वाङ्मयाची समीक्षा करताना आपण बहुधा तीन गोष्टी पाहतो. लेखक कोठे गेला, त्याने काय पाहिले आणि पाहिलेले त्याने कोणत्या भाषेत सांगितले. ह्या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली म्हणजे ग्रंथाची पारख झाली असे आपण समजतो. आमच्या मते ह्या तिहींइतकाच महत्त्वाचा असा एक चौथा प्रश्न आहे व तो आपल्या समीक्षेत फारसा विचारला जात नाही. लेखकाने निघताना काय ठरविले होते, आणि त्यातले काय त्याने वाटेत बदलले? आगगाडीने वा मोटारीने जाणाऱ्या प्रवाशाच्या बाबतीत ह्या प्रश्नाला तितकासा अर्थ नसेल. कारण त्याचा निर्णय तिकिटाबरोबरच होऊन गेलेला असतो. पायी चालणाऱ्याचा निर्णय मात्र रोज सकाळी नव्याने व्हावयाचा असतो. पायाचे फोड, पाठीवरचे ओझे, आभाळाचा रंग, सोबत्याचा स्वभाव, पुढल्या गावी मिळणारा निवारा, ह्या सर्वांचे मत त्यात घ्यावे लागते. त्यामुळे पदयात्रेच्या वर्णनात लेखकाचे खरे दर्शन घडते ते शिखरावर वा देवालयाच्या गाभाऱ्यात नव्हे, तर ठरविलेले सोडून दुसरे काही धरण्याच्या क्षणी घडते.

हे मत मांडताना दोन शब्दांतील भेद आम्ही प्रारंभीच स्पष्ट करू इच्छितो. आपल्या भाषेत ‘संकल्प’ आणि ‘बेत’ असे दोन शब्द आहेत व ते अगदी एकाच अर्थाचे नाहीत. संकल्प म्हणजे ज्यासाठी घर सोडले ते. बेत म्हणजे ते साधण्यासाठी आखलेला मार्ग, मुक्कामांची यादी आणि दिवसांचा हिशेब. धर्मकृत्याच्या आरंभी आपण पाणी सोडतो ते संकल्पावर; बेतावर कोणी पाणी सोडीत नाही, बेतावर पाणी पडते. ह्या दोहोंची गल्लत झाली म्हणजे दोन प्रकारचे अनर्थ ओढवतात. बेत मोडला की सारे मोडले असे मानून एक मनुष्य कष्टी होतो, तर दुसरा बेत तडीस नेण्याच्या हट्टापायी ज्या आनंदासाठी निघाला तो आनंदच वाटेत टाकून जातो. पहिल्याचे पुस्तक रडगाणे होते व दुसऱ्याचे वेळापत्रक.

आमच्या बेळगाव भागातील एक साधे उदाहरण घेऊ. बेळगावाहून दक्षिणेस निघालेल्या रस्त्याला पिरनवाडीपाशी दोन वाटा फुटतात. एक खानापुराकडे व पुढे लोंढ्याकडे जाते. दुसरी जांबोटी, कणकुंबी करीत चोर्ल्याच्या घाटाने गोव्यात उतरते. समजा, कोणी पांथस्थ दुसऱ्या वाटेने पायी गोव्यास जाण्याचा बेत करून निघाला आणि कणकुंबीस त्याला पावसाने गाठले. पश्चिम घाटाच्या माथ्यावरचा पाऊस ज्यांनी अनुभवला आहे त्यांना ह्या ‘गाठले’ शब्दाचा अर्थ सांगावयास नको. आता त्याच्यापुढे दोन मार्ग आहेत. भिजलेले ओझे घेऊन, मैलाचे दगड मोजीत, मान खाली घालून घाट उतरावयाचा, हा एक. दुसरा असा की कणकुंबीसच दोन दिवस राहावे आणि मलप्रभेचा उगम पाहावा. तेथून पूर्वेकडे निघालेली ही नदी पुढे कृष्णेला मिळते, आणि ह्याच खानापूर तालुक्याच्या रानात जन्मलेली म्हादई मात्र पश्चिमेकडे उतरून मांडवी ह्या नावाने सागराला मिळते, हे भूगोलाच्या पुस्तकात वाचलेले सत्य डोळ्यांनी पाहावे. मग मलप्रभेच्या सोबतीने हब्बनहट्टीवरून खानापुरास यावे व तेथून पिरनवाडीस परतावे. जाताना एका फाट्याने गेला आणि येताना दुसऱ्याने आला, एवढेच काय ते झाले.

ह्या पांथस्थाची यात्रा फसली काय? ह्याचे उत्तर त्याच्या संकल्पावर अवलंबून आहे. तो कुलदेवतेचा नवस फेडावयास गोमंतकात निघाला असेल, तर पावसाचे निमित्त करून मागे फिरण्यात त्याचा संकल्प ढळला. परंतु सह्याद्रीचा हा माथा पायांखाली घालावा, त्याची माती आणि पाणी ओळखावे, एवढ्यासाठीच तो निघाला असेल, तर त्याने बेत बदलून संकल्प राखला. बदल तोच, एका ठिकाणी ती च्युती, दुसऱ्या ठिकाणी ते औचित्य. क्षेमेंद्राने अकराव्या शतकात काव्याच्या संदर्भात औचित्याचा विचार केला, तेव्हा अलंकार योग्य स्थानी असला तरच तो अलंकार, अशी त्याची भूमिका होती. पदयात्रेतील बदललेल्या बेतालाही हीच कसोटी लावता येते, असे आम्हांस वाटते.

ह्या कसोटीवर मराठीतील एक श्रेष्ठ ग्रंथ उतरवून पाहू. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली आपल्या चुलत्यांसह उत्तरेकडे निघाले ते काही क्रांती पाहावयास नव्हे. घरी कर्ज होते, आणि बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार असून तेथे दक्षिणा मिळेल, अशी वार्ता होती. बेत इतका सरळ होता. महूच्या आसपास पोहोचतात तो शिपायांकडून भावी उठावाची कुणकुण लागते, आणि तेथून पुढे ह्या दोन कोकणस्थ भिक्षुकांच्या यात्रेचा नकाशा काळ स्वतःच्या हाताने काढू लागतो. मथुरेच्या यज्ञाची दक्षिणा पदरी पडली नाही. जे मिळाले ते लुटले गेले. झांशीचा वेढा आणि १८५८ च्या एप्रिलमधील संहार त्यांनी शहराच्या आत राहून पाहिला. काळपीच्या वाटेवर विहिरीपाशी त्यांना राणी लक्ष्मीबाई भेटल्या, तो प्रसंग तर मराठी वाचकाच्या स्मरणात कायमचा कोरला गेला आहे.

इतके बेत मोडल्यावर ह्या मनुष्याने काय केले? त्याने नवा संकल्प धरला. धन मिळाले नाही, तर तीर्थ तरी घरी न्यावे. गंगोदकाची कावड खांद्यावर घेऊन तो वरसईस परतला व त्या उदकाने त्याने आईबापांस स्नान घातले. कर्ज फेडण्यासाठी निघालेला पुत्र अशा रीतीने निराळेच ऋण फेडून मोकळा झाला. ‘माझा प्रवास’ ह्या ग्रंथाची महत्ता इतिहासाच्या साधनग्रंथ म्हणून सर्वमान्य आहे. परंतु वाङ्मय म्हणून त्याची घडण ह्या एका पालटावर उभी आहे, ह्याकडे आम्ही विशेष लक्ष वेधू इच्छितो. मथुरेचा बेत सफल होता तर आपल्या हाती कदाचित दक्षिणेचा हिशेब आला असता. आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. एवढ्या हालअपेष्टांतही गोडसे भटजींची रसिकता आटत नाही. कोणत्या शहरी काय पाहण्यासारखे आहे, जेवणाची पंगत कशी होती, वाडा कसा सजला होता, हे ते मन लावून सांगतात. प्राणावर बेतलेल्या प्रवासातही पाहण्याचा आनंद त्यांनी गहाण टाकलेला नाही. चिंतामणराव वैद्य ह्यांच्या सांगण्यावरून लिहिलेली ही हकीकत वैद्यांनी आपल्या हाताने काही फेरफार करून १९०७ साली प्रसिद्ध केली, आणि दत्तो वामन पोतदारांनी मूळ स्वरूपातील पाठ १९६६ साली वाचकांपुढे ठेवला. मूळ पाठाचे मोल केवळ संशोधकांपुरते नाही. शिष्टसंमत भाषेच्या संस्कारात मनुष्याची चलबिचल पहिल्याने पुसली जाते, आणि आमच्या विषयाच्या दृष्टीने ती चलबिचल हेच खरे द्रव्य आहे.

ह्याच्या शेजारी काकासाहेब कालेलकरांचा हिमालयप्रवास ठेवून पाहावा. काकासाहेब आम्हा बेळगावकरांना परके नाहीत. बेळगुंदीच्या परिसरातून वाहणाऱ्या मार्कंडी नदीला त्यांनी पुढे आपल्या नद्यांवरील लेखनात सखी म्हणून गौरविले. बडोद्याचे गंगनाथ विद्यालय १९१२ साली बंद पडले, तेव्हा राष्ट्रीय शिक्षणाचा एक मोठा बेत त्यांच्या डोळ्यांदेखत संपला आणि ते हिमालयाची वाट चालू लागले. स्वामी आनंद आणि अनंतबुवा मर्ढेकर हे त्यांचे सोबती होते. म्हणजे ही पदयात्राच मुळी एका मोडलेल्या बेताचे अपत्य होय. मूळ गुजरातीत लिहिलेल्या ह्या प्रवासाच्या कथनात निसर्गाकडे पाहण्याची प्रसन्न दृष्टी आहे, संस्कृत काव्याचा संस्कार आहे, भक्ती आहे. परंतु ते चालून झाल्यावर काही वर्षांनी, स्थिर झालेल्या चित्ताने लिहिलेले आहे, आणि त्या स्थैर्याची किंमत त्याला द्यावी लागली आहे. आज पुढे जावे की येथेच राहावे, ह्या घाटाने की त्या, ह्या रोजच्या प्रश्नांवर चिंतनाची एक तलम शाल पांघरली गेली आहे. गोडसे भटजींनीही पंचवीस वर्षांनी लिहिले. तरी त्यांचा गोंधळ ताजा राहिला, ह्याचे कारण ते चिंतक नव्हते हेच असावे. काकासाहेबांचे गद्य श्रेष्ठ आहे ह्यात वाद नाही. पण चालणाऱ्याचे पाय आपल्याला भटजींच्या पानांत अधिक दिसतात.

येथे एक आक्षेप येणे स्वाभाविक आहे आणि तो दुर्लक्षणीय नाही. आपल्या परंपरेतील दोन महान पदयात्रा, पंढरीची वारी व नर्मदेची परिक्रमा, ह्या दोन्ही न बदलण्यावर उभ्या आहेत. आळंदीच्या पालखीचे मुक्काम ठरलेले असतात. रिंगण कोठे व्हावयाचे, कोणती दिंडी कोणत्या क्रमाने चालावयाची, हे ठरलेले असते. वारकऱ्याला रोज निर्णय घ्यावा लागत नाही, आणि म्हणूनच त्याचे चित्त नामाकडे मोकळे राहते. ज्याने मुक्काम बदलला तो वारीतून बाहेर पडला. मग आनंदासाठी बेत बदलावा हा विचार केवळ हौशी फिरस्त्यांचा, यात्रिकांचा नव्हे, असे कोणी म्हणेल.

ह्यातील सत्यांश आम्ही मान्य करतो. हजारोंनी एकत्र चालावयाचे तेव्हा एकाची लहर चालू शकत नाही. तेथे नियम हीच सर्वांची सोय असते. परंतु वारीच्याच इतिहासाने संकल्प आणि बेत ह्यांतील भेद आपल्या डोळ्यांपुढे ठेवला आहे. २०२० साली महामारीमुळे पायी वारी झाली नाही. संतांच्या पादुका राज्य परिवहनाच्या बसमधून आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी पंढरपुरास नेण्यात आल्या. शतकाहून अधिक काळ चालत आलेला क्रम बाजूला ठेवावा लागला, पण वारी चुकली असे कोणाही वारकऱ्याने म्हटले नाही. मुक्काम हा बेत होता, पादुकांची पांडुरंगाशी भेट हा संकल्प. इरावती कर्वे ह्यांनी ‘परिपूर्ती’तील ‘वाटचाल’ ह्या लेखात वारीचे जे दर्शन घडविले, त्याचीही शक्ती ठराविकपणाच्या वर्णनात नाही. एकाच दिंडीत जातीजातींच्या पंगती वेगळ्या होतात हे पाहून लेखिकेला झालेली अस्वस्थता, आणि दोन्ही गटांशी जोडून राहण्याची तिची धडपड, ह्यांतून तो लेख जिवंत झाला आहे. वाट ठरलेली असली तरी कोणाबरोबर चालावयाचे हा निर्णय तिला स्वतः घ्यावा लागला.

परिक्रमेचे उदाहरण तर याहूनही बोलके आहे. नर्मदा उजव्या हाताला ठेवावी आणि पात्र ओलांडू नये, हा तेथला अढळ नियम. परंतु ह्या एका नियमाच्या पोटात बाकीचे किती मोकळे आहे, हे पाहिले म्हणजे आश्चर्य वाटते. चातुर्मासात कोठे थांबावे, कोणत्या गावी भिक्षा मागावी, आजारपणात किती दिवस काढावे, हे परिक्रमावासी वाटेवरच ठरवितो. तीन वर्षे, तीन महिने व तेरा दिवसांचे परंपरागत मान सर्वच पाळतात असेही नाही. शिवाय नदीच बदलली. इंदिरा सागर आणि सरदार सरोवर ह्या धरणांच्या जलाशयांखाली जुन्या पायवाटा व गावे गेली. २००४ मध्ये हरसूद हे अख्खे गाव उठले. पूर्वीच्या यात्रिकांच्या पुस्तकांतील कित्येक मुक्काम आज पाण्यात आहेत, आणि परिक्रमावासी नव्या काठाने चालतात. तट बदलला म्हणून परिक्रमा थांबली नाही. गो. नी. दांडेकरांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ ह्या कादंबरीचा गाभाही हाच आहे : चालत राहण्याचे व्रत आणि वाटेवर जडणारा माणसांचा लळा ह्यांतील ताण. नायक नुसता चालत राहिला असता तर कादंबरी झाली नसती. भारती ठाकूर ह्यांनी २००५-०६ मध्ये केलेल्या परिक्रमेनंतर नर्मदाकाठच्या मुलांच्या शिक्षणाला वाहून घेतले. तेथे तर यात्रा संपवून घरी परतण्याचा बेतच मागे पडला.

परदेशीय वाङ्मयात हा विषय अधिक उघडपणे आलेला दिसतो. अमेरिकेतील अॅपलाचियन पायवाट सुमारे साडेतीन हजार किलोमीटरांची आहे आणि ती एका दमात पुरी करणे हा तेथे मोठा पराक्रम मानला जातो. एमा गेटवुड ही वृद्धा १९५४ साली तिच्या उत्तर टोकाकडून निघाली, मेनच्या रानात वाट चुकली व परतली. पुढल्या वर्षी तिने दिशाच उलटविली. दक्षिणेकडून चालत, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, तिने तेच उत्तर टोक गाठले. बिल ब्रायसनची गोष्ट निराळी. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुस्तकात, कित्येक दिवस घाम गाळल्यावर, एका दुकानातील भिंतीवरच्या नकाशात आपण चाललेले अंतर बोटभरच आहे हे त्याच्या ध्यानी येते. सारी पायवाट पुरी करणे आपल्याने होणार नाही हे कळताच त्याला व त्याच्या सोबत्याला दुःख होत नाही, सुटल्यासारखे वाटते. मधला मोठा टापू गाळून ते वाहनाने पुढे जातात आणि पुन्हा चालू लागतात. ह्या पुस्तकातील विनोद सर्वांस ठाऊक आहे. आमच्या मते त्याचा कणा मात्र त्या नकाशापुढील कबुलीत आहे. तेथून पुढे लेखक किती चाललो हे मोजण्याऐवजी काय पाहिले हे सांगू लागतो, आणि अरण्य, पक्षी, वठून गेलेले वृक्ष ह्यांविषयीची त्याची दृष्टी मोकळी होते. तथापि औचित्याची कसोटी त्यालाही लावली पाहिजे. पुढे पुढे त्याचे बदल इतके सोयीचे होतात की चालण्याचे तुकडे एकमेकांपासून सुटतात व पुस्तकाची वीण सैल पडते. गेटवुडने बेत उलटवून संकल्प घट्ट केला; ब्रायसनने बेत सोडता सोडता संकल्पही थोडा पातळ केला.

ह्यावरून पदयात्रेच्या लेखनातील तीन दोष आम्हांस निश्चित सांगता येतात. पहिला, बदल लपविणे. मुळात ठरविले होते एक, झाले दुसरे, आणि लिहिताना असे भासवावयाचे की हेच ठरले होते. दुसरा, बदल न करण्याचा अभिमान. दुखऱ्या पायांनी, आजारी सोबत्याला फरपटत, आखलेले अंतर पुरे केल्याचे वर्णन वाचून आपण कौतुक करतो. त्या सोबत्याला काय वाटले हे विचारीत नाही. तिसरा, कारणावाचून बदल. मनाला येईल तसे फिरले आणि आले तसे लिहिले. संकल्पच नसल्यामुळे कोणताही बदल येथे अर्थपूर्ण होऊ शकत नाही. अलीकडील काळात दुसरा दोष विशेष बळावला आहे. हातातील यंत्र पावले मोजते, चढण मोजते, हृदयाचे ठोके मोजते. त्यामुळे अंतर पुरे करणे हाच संकल्प होऊन बसला आहे. सह्याद्रीतील घाटवाटांवर आज जितके लोक चालतात तितके पूर्वी हौसेने कधीच चालत नसतील. पण त्यांच्या लेखनात ‘येथून परतलो’ हे वाक्य अपराध्यासारखे कोपऱ्यात उभे असते. धुक्यात कडा दिसेनासा झाल्यावर मागे फिरणारा गटप्रमुख ही आपल्या वाङ्मयात अद्याप सन्मानाची व्यक्तिरेखा झालेली नाही, ह्याचा समीक्षकांनी विचार करावा. हा प्रश्न केवळ शैलीचा नाही. जे लिहिले जाते व ज्याची वाहवा होते, त्याचेच अनुकरण तरुण मुले डोंगरात करतात.

शेवटी आमच्या शिक्षकबंधूंस आणि भगिनींस एक सूचना करावीशी वाटते. शाळेत प्रवासवर्णनपर निबंध सांगताना आपण मुलांना निघण्याची वेळ, पाहिलेली स्थळे आणि परतण्याची वेळ असा साचा देतो. त्यातून सहलीचे टाचण तयार होते. त्याऐवजी दोन प्रश्न फळ्यावर लिहून द्यावेत : निघताना काय ठरले होते? आणि त्यातले काय, कोणासाठी वा कशासाठी बदलले? कोणाचा पाय मुरगळला म्हणून सारा वर्ग गडाच्या अर्ध्यावर थांबला असेल, ओढ्याला पाणी आले म्हणून पलीकडचे लेणे राहून गेले असेल. मुले ह्या गोष्टी लिहावयास लाजतात, कारण त्या लिहिण्याजोग्या आहेत हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. गोडसे भटजींची महूपर्यंतची आणि महूनंतरची वाट वर्गातील नकाशावर दोन रंगांनी काढून दाखविली, आणि शेवटी वरसईस पोहोचलेली ती कावड दाखविली, तर हा पाठ वेगळा शिकवावा लागणार नाही.